साठवण स्वस्त, वाहतूक महाग : स्वयंसेवी विज्ञान-प्रकल्पांच्या सर्व्हरचे बिल कोणी भरायचे?

३१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘कोविड-१९ इंडिया’ या संकेतस्थळाने नवी आकडेवारी देणे थांबवले. मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी हा प्रकल्प सुरू केला होता. राज्य सरकारांची रोजची पत्रके वाचायची, त्यांतील आकडे सामायिक तक्त्यात भरायचे, ते तपासायचे आणि जिल्हानिहाय माहिती कोणालाही उतरवून घेता येईल अशा साध्या फायलींत खुली ठेवायची, एवढेच त्यांचे काम. पण दीड वर्षाहून अधिक काळ देशातील वृत्तपत्रे, संख्याशास्त्रज्ञ आणि साथरोगाची गणिती प्रारूपे मांडणारे संशोधक याच फायलींचा आधार घेत होते. हा प्रकल्प कोणत्याही मंत्रालयाने काढला नव्हता. तो स्वयंसेवकांच्या रिकाम्या वेळेवर उभा होता.

या प्रकल्पाच्या कामाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याच्या दोन व्यवस्थापकीय निर्णयांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिला निर्णय रचनेचा. प्रत्येक भेटीला नवे गणित करून उत्तर देणारा सर्व्हर मांडण्याऐवजी, ठरावीक वेळाने तयार होणाऱ्या स्थिर फायली सार्वजनिक भांडारात ठेवल्या गेल्या. वाचक हजार असोत वा लाखो, फाइल तीच राहते. दुसरा निर्णय शेवटाचा. काम थांबणार असल्याची घोषणा ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे सुमारे तीन महिने आधी, तारखेसह केली गेली. ज्यांना माहिती उतरवून घ्यायची होती त्यांना अवधी मिळाला, आणि जमलेली माहिती खुलीच राहिली.

बहुतेक स्वयंसेवी प्रकल्पांच्या नशिबी असा शेवट नसतो. एखाद्या पदवीधराने पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह उभारलेला असतो, एखाद्या गटाने भारतीय भाषांसाठी शुद्धलेखन तपासनीस लिहिलेला असतो, कोणी हवेच्या प्रदूषणाच्या नोंदी वर्षानुवर्षे जमवलेल्या असतात. मग एके दिवशी सर्व्हरचे भाडे ज्या बँक कार्डातून जात होते त्याची मुदत संपते, किंवा डोमेनचे नूतनीकरण विसरले जाते, आणि संशोधनलेखातील दुवा कोऱ्या पानावर जाऊन थांबतो. तो प्रकल्प कोणी जाणूनबुजून बंद केलेला नसतो. फक्त तो चालू ठेवण्याची जबाबदारी कागदावर कोणाचीच नसते.

सर्व्हर आणि साठवणीच्या खर्चाचे नियोजन हा विषय सामान्यतः ‘तांत्रिक तपशील’ म्हणून बाजूला सारला जातो. वस्तुतः प्रकल्पाचे आयुर्मान तेथेच ठरते. हे नियोजन पहिल्या दिवशी करणे ही स्वयंसेवकांची जबाबदारी आहे. पण ज्या देशाचे विज्ञान अशा प्रकल्पांवर चालते, त्याने त्यांच्या प्रती सांभाळण्याची सोय पायाभूत सुविधा म्हणून करणे हीदेखील तितकीच मोठी जबाबदारी आहे. भारतात पहिल्या जबाबदारीबद्दल थोडे बोलले जाते. दुसरीबद्दल जवळजवळ नाही.

प्रथम हिशेब. स्वयंसेवी प्रकल्पाच्या बिलात साधारणतः पाच बाबी असतात : गणनक्षमता, साठवण, बाहेर जाणाऱ्या डेटाची वाहतूक, बॅकअप, आणि डोमेन-ईमेलसारखे किरकोळ खर्च. नवख्या गटाला भीती वाटते ती साठवणीची. ‘आपल्याकडे एक टेराबाइट फायली आहेत, त्या कोठे ठेवायच्या?’ हा पहिला प्रश्न असतो. प्रत्यक्षात तो सर्वांत स्वस्त प्रश्न आहे.

मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या मुंबईतील केंद्रांचे जाहीर दर पाहिले, तर साठवणीला दर जीबीमागे महिन्याला सुमारे अडीच सेंट पडतात. म्हणजे एक टेराबाइटचे महिन्याला २५ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर २,१२५ रुपये. पण हाच डेटा त्या केंद्रातून इंटरनेटवर बाहेर पडताना दर जीबीमागे सुमारे ११ सेंट आकारले जातात. तो संग्रह महिन्याभरात केवळ दहा जणांनी पूर्ण उतरवून घेतला, तर दहा टेराबाइट बाहेर गेले. त्याचे १,१०० डॉलर होतात, म्हणजे सुमारे ९३,५०० रुपये. साठवणीच्या ४४ पट. त्यातच परदेशी कंपनीची सेवा घेणाऱ्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीला १८ टक्के कर वेगळा.

या गणिताचा अर्थ सरळ आहे. प्रकल्प जितका उपयोगी, तितके त्याचे बिल मोठे. दुकानदाराचा माल खपला की गल्ल्यात पैसे येतात. स्वयंसेवी प्रकल्पाचा माल खपला की गल्ल्यातून पैसे जातात. म्हणून ‘किती जागा लागेल?’ या प्रश्नाआधी ‘किती जण, किती वेळा, काय उतरवतील?’ हा प्रश्न विचारायला हवा. उत्तर नक्की कळणार नाही, पण अंदाज मांडला की पर्याय दिसू लागतात. भाड्याच्या सर्व्हरबरोबर दरमहा वीस टेराबाइटपर्यंतची वाहतूक भाड्यातच धरणाऱ्या युरोपीय कंपन्या आहेत. बाहेर जाणाऱ्या डेटाला शुल्कच न लावणाऱ्या साठवण सेवाही आहेत. एकाच संग्रहाचे मासिक बिल निवडीनुसार काही हजार रुपये होऊ शकते किंवा लाखाच्या घरात जाऊ शकते. तो फरक स्वयंसेवकांच्या प्रतिभेचा नसतो, दरपत्रक वाचल्या-न वाचल्याचा असतो.

अनुभवी मंडळीही या जागी चुकतात. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर जे दिसते त्यामागची मेसा, वेलँड, एक्स.ऑर्ग ही सॉफ्टवेअरे फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग या सामायिक घरात वाढतात. भारतातील असंख्य प्रयोगशाळांतील संगणक त्यांवर चालतात. फेब्रुवारी २०२० मध्ये या प्रकल्पाचा आर्थिक भार वाहणाऱ्या एक्स.ऑर्ग फाउंडेशनने जाहीर केले, की त्या वर्षाचा सर्व्हरखर्च ७५,००० डॉलरांवर जाण्याची चिन्हे आहेत, पुढील वर्षी तो आणखी वाढेल, आणि संस्थेला तो झेपणार नाही. पुरस्कर्ते मिळाले नाहीत तर स्वयंचलित चाचण्यांची सेवा काही महिन्यांत बंद करावी लागेल.

खर्च वाढला होता तो यशामुळेच. प्रत्येक विकसकाने पाठवलेला प्रत्येक बदल आपोआप तपासला जाई. तपासणारी यंत्रे पुरस्कर्त्यांनी दिलेली, म्हणजे फुकट. पण ती वेगळ्या जागी. त्यामुळे प्रत्येक चाचणीच्या वेळी मोठाल्या फायली एका कंपनीच्या क्लाउडमधून बाहेर काढून त्या यंत्रांपर्यंत न्याव्या लागत, आणि मीटर त्या वाहतुकीवर पडे. यंत्र फुकट, रस्त्याचा टोल मात्र भरमसाट, अशी ती स्थिती होती. वारंवार लागणाऱ्या फायली चाचणीयंत्रांजवळच साठवून ठेवणे आणि पुढे सगळे बिऱ्हाड दुसऱ्या पुरस्कर्त्याच्या यंत्रांवर हलवणे, असे मार्ग शोधले गेले आणि प्रकल्प तरला. पण २०२५ च्या आरंभी त्या दुसऱ्या पुरस्कर्त्याने ती सेवाच गुंडाळायचे ठरवले, आणि एप्रिलअखेरपर्यंत नवे घर शोधण्याची पाळी आली. या वेळी प्रकल्पाने भाडे भरून सर्व्हर घेण्याचा मार्ग स्वीकारला.

‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायाने घेतलेल्या मोफत क्रेडिटांची खरी किंमत येथे दिसते. कंपन्या विद्यार्थ्यांना आणि मुक्त स्रोत प्रकल्पांना वर्षा-दोन वर्षांसाठी क्रेडिट देतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्याचे बिल येत नाही त्याची काटकसर कोणी करत नाही. क्रेडिटच्या काळात रचना ऐसपैस वाढते, त्या कंपनीच्या खास सेवांना बांधली जाते, आणि क्रेडिट संपते त्या महिन्यात प्रकल्पाला आपल्या राहणीमानाची खरी किंमत कळते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण उसने असेल तर ते परत कधी द्यायचे आहे हेही पाहिले पाहिजे. मोफत क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक गटाने ‘हे उद्या बंद झाले तर महिन्याला किती पडेल?’ हा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. तो भरण्याची ऐपत नसेल, तर ती रचना त्या गटाची नव्हे.

गेल्या दोन-तीन वर्षांत या हिशेबात एक नवा ग्राहक शिरला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर स्वयंसेवी प्रकल्पांची पाने आणि फायली अहोरात्र उतरवत असतात. मुक्त स्रोत प्रकल्पांची दस्तऐवजे प्रसिद्ध करणाऱ्या ‘रीड द डॉक्स’ने २०२४ मध्ये सांगितले, की त्या वर्षीच्या मे महिन्यात एकाच क्रॉलरने ७३ टेराबाइट फायली उतरवल्या आणि त्यापायी ५,००० डॉलरांहून अधिक वाहतूक-खर्च आला. अशा क्रॉलरांना अडवल्यावर त्यांची रोजची वाहतूक ८०० जीबीवरून २०० जीबीवर आली. विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये दिलेली माहितीही याच जातीची आहे : चित्रे-ध्वनी-चित्रफिती उतरवण्यासाठी लागणारी बँडविड्थ जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढली, पानांच्या एकूण भेटींत यंत्रांचा वाटा सुमारे ३५ टक्के असताना सर्वांत खर्चिक वाहतुकीत तो ६५ टक्के होता. माणसे गाजलेली पाने पुनःपुन्हा पाहतात, ती जवळच्या साठ्यातून स्वस्तात देता येतात. यंत्रे मात्र कोपऱ्यातील प्रत्येक जुनी फाइल उकरून काढतात, आणि तीच महाग पडते.

मराठीत ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ अशी म्हण आहे. येथे प्रकार त्याच्याही पुढे गेला आहे. भाकऱ्या भाजणाऱ्यानेच पीठ आणायचे, सरपण आणायचे, आणि आता भाकऱ्या गाडीत भरून नेणाऱ्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या गाडीचे भाडेही त्यानेच द्यायचे. म्हणून आजच्या नियोजनात प्रतितास उताऱ्याची मर्यादा, मोठ्या फायलींसाठी वेगळी वाट आणि असामान्य वाहतुकीची सूचना देणारा गजर या गोष्टी ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. आणखी एक सावधगिरी. अनेक क्लाउड सेवांतील ‘बजेटचा इशारा’ फक्त इशारा असतो. तो बिल थांबवत नाही. रात्री आलेला इशारा सकाळी वाचला जातो, मीटर मात्र रात्रभर फिरत राहतो.

भारतीय स्वयंसेवकांपुढे याखेरीज काही खास अडचणी आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांचे नियम लागू झाले. ग्राहकांच्या संरक्षणासाठी ते योग्यच होते; पण परदेशी कंपन्यांना भारतीय कार्डांवरून दरमहा आपोआप जाणारी अनेक देयके त्यामुळे अडली. पुढे २०२२ मध्ये अतिरिक्त पडताळणीशिवाय चालणाऱ्या रकमेची मर्यादा ५,००० वरून १५,००० रुपये झाली, तरी परदेशी सर्व्हरचे बिल एका व्यक्तीच्या एका कार्डावर सोडणे किती धोक्याचे असते हे त्या काळात अनेकांना कळले. दुसरीकडे, जगभरचे वापरकर्ते देणगी द्यायला तयार असले तरी भारतीय संस्थेला परदेशी देणगी घेण्यासाठी परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. चार विद्यार्थ्यांच्या गटाला हे जमणारे नव्हे. बिल डॉलरमध्ये, देणगी रुपयात आणि तीही अनियमित, ही भारतीय प्रकल्पाची नेहमीची स्थिती.

असे असले तरी नियोजनाचा कागद फार मोठा लागत नाही. एका पानावर तो बसतो, आणि विद्यार्थ्यांनी तो प्रकल्प-अहवालाला जोडावा इतका तो महत्त्वाचा आहे.

त्या पानावर पहिली गोष्ट असावी ती ‘काय ठेवायचे आणि काय टाकायचे’ याची. उदाहरणार्थ, एखादे सॉफ्टवेअर रोज रात्री तीन कार्यप्रणालींसाठी बांधले जाते आणि प्रत्येक फाइल ५०० एमबीची आहे असे समजा. दिवसाला दीड जीबी. वर्षाला सुमारे ५४७ जीबी. यांतील जवळजवळ सर्व फायली पुन्हा कोणी उघडत नाही. फक्त शेवटच्या तीस दिवसांच्या ठेवल्या तर ४५ जीबी पुरतात. अधिकृत आवृत्त्या मात्र कायम ठेवाव्यात, कारण एखाद्या शोधनिबंधातील आकडे पडताळायचे तर तीच जुनी आवृत्ती हवी असते. रोजची बांधणी म्हणजे कच्चे काम आणि आवृत्ती म्हणजे दस्तऐवज, हा फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नसावी.

दुसरी गोष्ट प्रतींची. मूळ प्रत, वेगळ्या कंपनीकडे एक प्रत आणि कोणाच्या तरी टेबलावर बाह्य डिस्कवर एक प्रत, एवढे किमान. बॅकअप आहे म्हणणे पुरेसे नाही. सहा महिन्यांतून एकदा तो उलगडून पाहिला पाहिजे. तिसरी गोष्ट किल्ल्यांची. डोमेन, सर्व्हर आणि बँक खाते यांचा ताबा कमीत कमी दोघांकडे असावा आणि त्यांपैकी कोणी परगावी शिकायला गेले तर तिसरा नेमला जावा. चौथी गोष्ट शिलकीची. हातात किती महिन्यांचे भाडे आहे हा आकडा सर्वांना दिसेल असा ठेवावा, आणि तो ठरलेल्या रेषेखाली गेला की खर्च कापण्याचा क्रम आधीच ठरलेला असावा. पाचवी गोष्ट शेवटाची. प्रकल्प बंद करावा लागला तर किती दिवस आधी सांगणार आणि माहिती कोठे ठेवणार, हे प्रकल्प जोमात असतानाच ठरवावे. जोम ओसरल्यावर ते ठरवायला कोणी उरत नाही.

शेवटच्या बाबीसाठी सोयी उपलब्ध आहेत. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ पासून चालवलेले झेनोडो हे भांडार जगातील कोणत्याही संशोधकाला ५० जीबीपर्यंतचा संच विनामूल्य ठेवू देते आणि त्याला कायमचा ओळखक्रमांक देते. फ्रान्समधील इनरिया संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला सॉफ्टवेअर हेरिटेज प्रकल्प जगभरचा मुक्त स्रोत कोड जतन करतो. भारतातील विद्यार्थ्यांनी आजच त्यांचा लाभ घ्यावा. पण या सल्ल्यातच एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली आहे : भारतीय स्वयंसेवकाने भारताविषयी जमवलेल्या माहितीसाठी सुचणारा सर्वांत भरवशाचा पत्ता जिनिव्हाजवळचा असतो.

भारताकडे पैसा नाही असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत नियतकालिकांच्या वर्गणीसाठी तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये आहेत. राष्ट्रीय महासंगणन अभियानाला २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘इंडिया एआय’ अभियानाचा आकार १०,३०० कोटींहून अधिक आहे आणि त्यातून विद्यार्थ्यांना, संशोधकांना आणि नवउद्योगांना सवलतीच्या दरात गणनक्षमता दिली जाते. २०१० मध्ये ५,९९० कोटींच्या तरतुदीने उभारलेले राष्ट्रीय ज्ञानजाल देशातील विद्यापीठे आणि प्रयोगशाळा जलद गतीने जोडते. या प्रत्येक योजनेची स्वतंत्र गरज आहे. त्यांपैकी एकही येथे चुकीची ठरवायची नाही.

उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. गणनक्षमता तासांच्या हिशेबाने दिली जाते. साठवण मात्र वर्षांच्या हिशेबाने लागते. महासंगणकावर चार दिवस मिळाले की काम होते आणि यंत्र दुसऱ्याला देता येते. संग्रह दहा वर्षे जागेवर असावा लागतो आणि रोज कोणाला तरी उघडता यावा लागतो. अनुदानाची भाषा पहिल्या प्रकारच्या खर्चाला सरावलेली आहे : यंत्र विकत घ्या, पावती जोडा, प्रकल्प तीन वर्षांत संपवा. चौथ्या वर्षीच्या सर्व्हरभाड्यासाठी त्या पत्रकात रकानाच नसतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर अंगीकारण्याचे धोरण आणले. पण अंगीकारणे म्हणजे वापरणे, आणि वापर वाढवणारे धोरण देखभालीविषयी मुके असेल तर त्याचा भार निमूटपणे स्वयंसेवकांवर जातो.

दीर्घकाळ साठवण ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व भारताने एका क्षेत्रात मान्य केलेलेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबाद येथे भारतीय जैविक डेटा केंद्राचे उद्घाटन झाले. त्याची साठवणक्षमता चार पेटाबाइट आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली जैविक माहिती संशोधक आपापल्या कपाटात ठेवून हरवतात, म्हणून ती राष्ट्रीय भांडारात यावी, हा त्यामागचा विचार. हाच विचार सार्वजनिक पैशाविना, नागरिकांच्या श्रमातून निर्माण झालेल्या माहितीला आणि सॉफ्टवेअरला का लागू होऊ नये? सरकारचा ज्यावर एक रुपयाही खर्च झाला नाही ते जपायला तर अधिक स्वस्त पडते.

त्यासाठी नवे महामंडळ नको. ज्ञानजालाने जोडलेल्या दहा-बारा संस्थांनी निवडक स्वयंसेवी प्रकल्पांच्या आरशाप्रती, म्हणजे मिरर, चालवावेत. आयआयटी कानपूरसारख्या संस्थेने लिनक्स वितरणांचे मिरर चालवून हे काम जमते हे दाखवलेले आहे. मूळ सर्व्हरवरून प्रती दिवसातून एकदा ओढून घ्यायच्या आणि देशातील विद्यार्थ्यांनी मोठ्या फायली तेथून उतरवायच्या. वाहतुकीचा जो भाग क्लाउडच्या मीटरवर सर्वांत महाग पडतो, तोच आधीच भाडे भरलेल्या ज्ञानजालावरून जाईल. आणि संशोधन अनुदानात, प्रकल्प संपल्यानंतरच्या पाच वर्षांच्या साठवणीची एक छोटी बाब सक्तीची करावी. खासगी पातळीवर सुरुवात झालीच आहे : झेरोधाने २०२४ मध्ये मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरांचा निधी जाहीर केला. पण एखाद्या उद्योगाचे औदार्य हा पुरस्काराचाच प्रकार. तो धोरणाची जागा घेऊ शकत नाही.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला : कोणाच्याही हौसेचा भार करदात्याने का उचलावा? तो प्रत्येकाचा उचलू नयेच. परवाना खुला असावा, किमान दोन वर्षे काम चाललेले असावे, इतरांनी त्याचा वापर केल्याचा पुरावा असावा आणि वर सांगितलेले एका पानाचे नियोजन सादर केलेले असावे. एवढ्या अटींनी हौस आणि पायाभूत काम यांतील फरक पुरेसा स्पष्ट होतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ‘कोविड-१९ इंडिया’चे मोल ते सरकारपासून स्वतंत्र होते यातच होते. सरकारी यंत्रांवर ठेवलेली माहिती एखाद्या दिवशी गैरसोयीची ठरून नाहीशी झाली तर? ही शंका बाजूला सारता येणार नाही. म्हणूनच मागणी प्रतींची असावी, ताब्याची नव्हे. मूळ भांडार स्वयंसेवकांच्याच हाती राहावे. सार्वजनिक संस्थांनी त्याच्या प्रती वाटाव्यात. एक आरसा फुटला तर बाकीचे शिल्लक राहतात, आणि कोणता फुटला हे सर्वांना दिसते. ज्या स्वयंसेवी प्रकल्पाची एकच प्रत एकाच्या कार्डावर चालते तो कोणाच्या दबावाविनाही नाहीसा होऊ शकतो. त्याला स्वतंत्र म्हणणे फारसे खरे नाही.

विज्ञानात एखादा निष्कर्ष तेव्हाच टिकतो, जेव्हा दुसऱ्याला तो तपासून पाहता येतो. तपासण्यासाठी माहिती हवी, ती हाताळणारे सॉफ्टवेअर हवे आणि दोन्ही उतरवून घेता यायला हवेत. त्या शेवटच्या पायरीचे भाडे आज कोणीतरी अनोळखी स्वयंसेवक आपल्या पगारातून किंवा शिष्यवृत्तीतून भरत असतो. पुढच्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याने मुक्त संग्रहातून फाइल उतरवून घेतली, तर तिचा आकार एकदा पाहावा, जवळचा मिरर आहे का ते शोधावे आणि तीच फाइल दहा वेळा न उतरवता एकदाच जपून ठेवावी. आणि स्वतःचा प्रकल्प सुरू करत असेल, तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ते एक पान लिहावे. धोरण बदलायला वर्षे लागतील. हे पान आज संध्याकाळी लिहून होते.

#मुक्तस्रोत #खुलेविज्ञान #विज्ञानधोरण